आडकोंडच्या शाळेचा सोपा रस्ता

माणूस जन्माला येतो, डी.एड. होतो, जिल्हा परिषदेत गुरुजी म्हणून लागतो आणि मग त्याची बदली होते. यातल्या फक्त शेवटच्या गोष्टीला न्यायालयात आव्हान देता येतं. ही सोय आपल्या राज्यघटनेने करून ठेवली नसती तर शिक्षकांचे किती हाल झाले असते, या विचाराने मला अजूनही दरदरून घाम फुटतो.

मी शिक्षण खात्यातला निवृत्त लिपिक. महाडात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर माझं टेबल असतं. बदलीविरुद्धच्या अर्जाचा कच्चा मसुदा मी करतो, पुढे मुंबईचे वकील त्याचं इंग्रजी करतात. माझ्या पाहणीनुसार तालुक्यातल्या शंभरापैकी साठ शिक्षकांना दमा आहे, तीसजणांची आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि उरलेल्या दहांना दोन्ही आहे. (हे सगळे आजार मे महिन्यात, बदल्यांच्या तोंडावर बळावतात. वैद्यकशास्त्राने इकडे लक्ष द्यायला हवं.)

तर, आडकोंड. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाला वळलं, की जीप थांबते तिथून पुढे डोंगर चढायचा. वर पंचवीसेक घरं, एक शाळा, नऊ पोरं आणि एक गुरुजी, राजेश मोरे. सरकारी भाषेत हे 'अवघड क्षेत्र'. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की सोपी शाळा मागायचा पहिला हक्क मिळतो. राजेश गुरुजींनी तीन वर्षं काढली आणि सव गावची शाळा मागितली. रस्त्यावर शाळा, महाडला घर, गरम पाण्याची कुंडं हाकेच्या अंतरावर. मिळालीही.

सवला होत्या अनुपमा बाई. त्यांची बदली झाली आडकोंडला. त्याच संध्याकाळी त्यांना दमा झाला.

त्या माझ्याकडे आल्या. मी अर्ज लिहिला: 'अर्जदारास दम्याचा विकार असून सव येथील उष्णोदकाच्या सान्निध्यात तो आटोक्यात राहतो. आडकोंड हे ठिकाण मनुष्यवस्तीस अयोग्य आहे.' (बाई कुंडाकडे कधी फिरकल्याही नव्हत्या. पण सान्निध्य म्हणजे सान्निध्य, त्याला अंघोळीची अट नाही.) बाईंना स्थगिती मिळाली.

आता नियम असा, की येणारा हजर झाल्याशिवाय जाणाऱ्याला सोडायचं नाही. राजेश गुरुजी वर अडकले आणि तडक माझ्याकडे आले. मी काय त्यांना हाकलून देऊ? त्यांचेही दोन अर्ज लिहिले. पहिल्यात म्हटलं, आडकोंड इतकं भयंकर आहे की तिथे तीन वर्षं काढणाऱ्याला सव मिळालंच पाहिजे. दुसऱ्यात म्हटलं, आडकोंडची हवा दम्याला इतकी मानवते की बाईंना तिथे न पाठवणं हा बाईंवरच अन्याय आहे. दोन्ही एकाच बैठकीत लिहिले. हात कुठे म्हणून अडखळला नाही, हे जरा अभिमानानेच सांगतो.

खटला उभा राहिला की तारखा आल्या. तारखेच्या आदल्या दिवशी गुरुजी कागद जमवायला महाडला उतरत, तारखेला वीर स्टेशनवरून मुंबई गाठत आणि दुसऱ्या दिवशी दमत. त्यामुळे आडकोंडच्या पोरांना गणपती, दिवाळी आणि शिमगा याखेरीज चौथा सण मिळाला. शाळेला कुलूप दिसलं की कमळाबाईची नात मैना, तेव्हा इयत्ता दुसरी, आजीला विचारायची, "आज तारीख हाय का गो?"

कमळाबाई ही वरची म्हातारी. मैनाला तिनेच वाढवलेलं. हैबती नावाचा तिचा मुलगा, मैनाचा बाप, नालासोपाऱ्याला कंपनीत. म्हातारीचं मागणं एवढंच, की पोरीला धड वाचता यावं. "बापाचं पत्तर आलं तर दुसऱ्याकडं न्यावं लागू नये," असं ती म्हणे. हल्ली पत्रं येत नाहीत, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

शेवटी न्यायालय वैतागलं. गाव खरोखर अवघड आहे की सोपं, ते प्रत्यक्ष बघून कळवा, असा आदेश निघाला. जिल्ह्याहून एक साहेब निघाले. अंगाने भरलेले, स्वभावाने गरीब.

गावकीची बैठक बसली. कुशाबा हे गावकीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "सायेब पयल्यांदाच आपल्या गावात येतोय. त्याला तरास झाला तर गावाचं नाक जाईल. मास्तर मागायचाय ना आपल्याला?" झालं! अवघड गावाने आपला अवघडपणा दाखवायचा सोडून पाहुणचाराची तयारी केली. वाटेतली काटेरी झुडपं तोडली, घसरतं तिथे पायऱ्या खणल्या. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं.

पण साहेब पहिल्याच चढाला मटकन खाली बसले. गावात कोणी आजारी पडलं, बाळंतीण अडली, तर तिला डोलीत घालून खाली नेतात. मांडवाला टांगलेली ती डोली कुशाबांनी पळत जाऊन आणवली, वर नवी कोरी चादर घातली आणि साहेबांना चौघांनी थेट शाळेच्या दारात नेऊन उतरवलं. साहेबांना इतकं सुख झालं की वाटेत त्यांचा डोळा लागला. वर फोनला रेंज नव्हती, तर त्यांना जांभळीवर चढायला मदत केली. तिथे दोन काड्या आल्या. मग गावठी कोंबडी झाली.

साहेब प्रामाणिक होते. त्यांनी जे अनुभवलं तेच लिहिलं:

'वाहतूक: घरपोच, चोवीस तास उपलब्ध. प्रवासात धक्के जाणवत नाहीत. मोबाइल सेवा: उंचावर उत्तम. ग्रामस्थ: सुदृढ. क्षेत्र सोपे आहे.'

यापुढचं तर्कशास्त्र निर्दोष आहे. गाव सोपं, म्हणजे बाईंची तक्रार खोटी. त्यांनी आडकोंडला हजर व्हावं. गाव सोपं, म्हणजे गुरुजींनी अवघड क्षेत्रात काही काढलंच नाही. त्यांनी आडकोंडलाच राहावं. नऊ पोरांना दोन मास्तर! कमळाबाईने गावभर गूळ वाटला. "एक नाय, दोन दोन!" म्हणून ती बोटं नाचवीत होती.

अनुपमा बाई आणि राजेश गुरुजी, जे दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते आता एकाच रिक्षातून माझ्या टेबलाशी आले. अहवालाला दोघांनी मिळून आव्हान दिलं. (एकत्र अर्जात झेरॉक्सचा खर्च निम्मा होतो.) आता तारखेला दोघंही जाऊ लागले. शाळेला शिक्षक दुप्पट झाले आणि कुलूप तेच राहिलं.

गणपतीत मुंबईकर आले आणि जाताना आपापली पोरं घेऊन गेले. हैबतीही मैनाला न्यायला आला, पण एका खोलीत पाचजण झोपतात तिथे कुठे नेऊ, म्हणून परत गेला. पटावर एकटी मैना उरली. म्हातारीने आणखी दोन तारखा वाट बघितली. मग एक दिवस पोरीचा हात धरला आणि खालच्या गावच्या शाळेत नाव घातलं.

पट शून्य, शाळा बंद. शाळा बंद झाली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात आणि त्यांना जागा असेल तिथे सामावून घ्यावं लागतं. जागा महाड शहरात होत्या. दोघांनी मला पेढे दिले. बाईंचा दमा आता पुष्कळ बरा आहे.

गेल्या आठवड्यात कमळाबाई माझ्या टेबलाशी आली. सोबत मैना, पायात चिखल. लांबच्या शाळेत जाणाऱ्या पोरांना सरकार प्रवासभत्ता देतं. मैनाचा नामंजूर झाला होता. कारण स्वच्छ होतं: आडकोंडला घरपोच वाहतूक उपलब्ध आहे.

"सायेब," म्हातारी म्हणाली, "मास्तरांच्या बदल्या तुमी करता. आमची पन करा की. पोरीला शाळंजवळ कुटं तरी टाका. तिला दमा हाय असं लिवा."

मी सगळे नियम चाळले. बदलीत अग्रक्रम मिळणाऱ्यांच्या यादीत मुलांसाठी एकही संवर्ग नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिच्याकडून फी घेतली नाही.

आता तुम्ही त्या दोघा शिक्षकांवर चांगलेच चिडला असाल, आणि माझ्यावर तर जास्तच. चिडा. पण जरा सांगा, तुमचं स्वतःचं मूल कुठल्या शाळेत आहे? सकाळी पिवळी बस दारात येते, तिथेच ना? म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून पहिली बदली तुमच्याच मुलाची झाली. विनंतीवरून, सोयीच्या ठिकाणी, आणि एकाही तारखेशिवाय. त्या बदलीला अजून कोणी आव्हान दिलेलं नाही. उद्या दिलंच कोणी, तर घाबरू नका. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर माझं टेबल आहे. मी तुमच्याच बाजूने लिहीन.