मामांसाठी दोन मिनिटं शांतता

बडबडेमामा गेल्याला तीन दिवस झाले, आणि रेडिओ केंद्रात त्यांचा आवाज शोधता शोधता निवेदिकेच्या नाकातोंडात धूळ गेली. सत्तावीस वर्षं रोज सकाळी नऊ वाजता या माणसाने अख्ख्या शहराला हसवलं होतं. त्यांच्यापायी कितीकांनी दाढी करताना गाल कापून घेतले होते. आणि केंद्राच्या ध्वनिफितींच्या खोलीत त्यांचं एक वाक्य सापडेल तर शपथ. कार्यक्रम थेट व्हायचा. जे काही चुकूनमाकून रेकॉर्ड झालं होतं, त्या फिती काटकसर म्हणून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. मामांचं नाव लिहिलेली फीत मोठ्या आशेने लावावी, तर आतून कुणीतरी सुतकी आवाजात उद्याचं किमान तापमान सांगत होतं.

हा सगळा खटाटोप मामींसाठी चालला होता. त्यांचा फोन आला होता. "पोरी, फार काही नको गं. त्यांचं एखादं वाक्य मिळालं तरी चालेल. हे असताना घरात मला तोंड उघडायला फट मिळत नव्हती. आता बोल म्हटलं तर सगळा दिवस माझाच आहे, आणि तोंड उघडवत नाही."

"शोधते मामी, नक्की देते," असं निवेदिका बोलून बसली होती. तिच्यावर मामांचे उपकारच तसे होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी माइकसमोर तिच्या घशाला कोरड पडली, तेव्हा मामा समोर खुर्ची ओढून बसले होते. "माइककडे बघू नकोस, त्याला काही कळत नाही. माझ्याकडे बघ. कळत मलाही नाही, पण मी मान तरी हलवतो." आणि पुढचा अर्धा तास ते इमानेइतबारे मान हलवत राहिले. त्या मानेच्या जिवावर ती आज बारा वर्षं बोलत होती. आता मामींना 'काही सापडलं नाही' असं कुठल्या तोंडाने सांगायचं, ते तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात साहेब आले. केंद्राचे प्रमुख म्हणून रुजू होऊन त्यांना चारच महिने झाले होते आणि अजून त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

"आज नऊ वाजता, मामांच्याच वेळेला, आपण दोन मिनिटं शांतता पाळणार आहोत. थेट प्रसारण."

"मामांसाठी शांतता?" निवेदिका म्हणाली. "साहेब, त्यापेक्षा लोकांनाच फोनवर आठवणी सांगू द्या ना."

"मामांच्या आठवणी सांगायला लागलं की लोक हसतात. दुखवट्यात शोभतं का ते?"

कोपऱ्यात तारा गुंडाळत बसलेले केंद्राचे तंत्रज्ञ खाली मान घालून म्हणाले, "साहेब, आपल्याला शांतता पाळता येत नाही."

"का? कुणाची हरकत आहे?"

"यंत्राची. वीस सेकंद आवाज आला नाही, की केंद्र बंद पडलंय असं समजून ते आपणहून राखीव फीत लावतं. इकडे पुन्हा आवाज झाला, की गप्प होतं."

"आजवर तर कधी लागली नाही."

"मामा होते ना. वीस सेकंद मिळतात कुठे?"

"काय आहे त्या फितीवर?"

"देव जाणे. मी यायच्या आधीची आहे. बासरी-बिसरी असेल."

"मग बंद करा ते यंत्र."

"कपाटाला मुख्य कार्यालयाचं सील आहे साहेब. तोडायचं तर तुमची सही लागेल."

सही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा पडला. अहो, हजेरीच्या वहीवर सही करतानाही हा माणूस आधी मागचं पान वाचत असे. थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला. "दर पंधरा सेकंदांनी कुणीतरी बारीकसा आवाज करायचा. श्रोत्यांना शांतता वाटली पाहिजे आणि यंत्राला वाटता कामा नये."

"म्हणजे आवाज करून शांतता पाळायची," तंत्रज्ञांनी खुलासा मागितला.

"सभ्य आवाज करून."

मग पाळ्या लागल्या. पहिली पाळी साहेबांची, त्यांनी खाकरायचं. दुसरी तंत्रज्ञांची, त्यांनी खुर्ची करकरवायची, कारण ती वर्षानुवर्षं नुसतं बघितलं तरी करकरत असे. तिसरी निवेदिकेची, तिने कागद चुरगळायचा. मग पुन्हा साहेब. "हुंदका चालेल का?" असं तंत्रज्ञांनी विचारलं. साहेबांनी ऐच्छिक म्हणून परवानगी दिली.

नऊला निवेदिकेने चार वाक्यं सांगितली आणि शांतता सुरू झाली. तिघंही कानाला हेडफोन लावून माइकभोवती घड्याळाकडे बघत बसली. पंधराव्या सेकंदाला साहेब खाकरले, अगदी हलकेच, मापून. तिसाव्या सेकंदाला तंत्रज्ञ खुर्चीत मागे रेलले. खुर्ची गप्प. ते पुढे झुकले, डावीकडे कलले, शेवटी घोड्यावर बसल्यासारखे हलायला लागले. खुर्चीतून आवाज म्हणून येईना. आणि येणार कसा? दुखवट्याच्या दिवसांत उगाच कुरकुर नको म्हणून त्यांनी स्वतःच सकाळी आल्या आल्या तिला तेल घातलं होतं, आणि पाळ्या लावताना ते साफ विसरले होते. त्यांनी निवेदिकेला खूण केली. तिने घाईने कागद उचलला, तो हातातून निसटला आणि जमिनीवर अलगद जाऊन पडला.

कपाटात टक् झालं.

"कोणी आहे का?"

तिघांनीही एकदम कपाटाकडे पाहिलं. आवाज मामांचा होता. तरणा, तोंडात पान असल्यासारखा भरलेला, पण मामांचाच.

"नाही ना कोणी? वाटलंच मला. श्रोतेहो, तुमचा रेडिओ ठीक आहे, उगाच त्याला थापट्या मारू नका. आमचं केंद्र बंद पडलंय. कारण विचाराल, तर साहेब तांत्रिक बिघाड म्हणतील. बिघाड कसला? आतमध्ये बिस्किटं आली असतील. असो. सगळे परत येईपर्यंत मी आहे. मी कुठे जातोय?"

साहेब ताडकन उठले आणि माइकवर काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. बारा वर्षांच्या नोकरीत जे धाडस निवेदिकेला जमलं नव्हतं, ते त्या क्षणी जमलं. तिने साहेबांच्या तोंडावर हात ठेवला. एक शब्द, एक खाकरणं, आणि मामा पुन्हा गेले असते. साहेबांना ते कळायला दोन-तीन सेकंद लागले. मग ते श्वास रोखून होते तिथेच उभे राहिले.

आता खरी शांतता सुरू झाली. मामा बोलत होते. शेजाऱ्याच्या मांजराची तक्रार झाली, स्वतःच्या टकलाचं कौतुक झालं. मग म्हणाले, "आमची ही पण ऐकत असेल. घरी माझा शब्द ती कानावर पडू देत नाही, पण रेडिओवरचं एक अक्षर सोडत नाही. म्हणून तर ही नोकरी धरली. काय गं, येतोय ना आवाज?"

निवेदिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि नाक ओढायचीही सोय नव्हती. तंत्रज्ञ तोंडात रुमाल कोंबून हसत होते. साहेबांचे खांदे हलत होते. ते हसतायत की रडतायत, ते काही शेवटपर्यंत समजलं नाही.

दोन मिनिटांची शांतता अकरा मिनिटं चालली. फीत संपल्यावर निवेदिकेने माइकवर एवढंच म्हटलं, "मामा, आभारी आहोत." त्यापुढे तिला बोलवेना, म्हणून तंत्रज्ञांनी खरोखरची बासरी लावली.

साहेबांनी चष्मा पुसला. सील लावलेल्या कपाटापाशी जाऊन ते म्हणाले, "आणा ते कागद. सही करतो. पहिली प्रत मामींना जाईल."

तोवर फोन वाजला. दुखवट्यात थट्टा केली म्हणून लोक झाडणार, असं समजून निवेदिकेने भीतभीतच उचलला. पलीकडे मामी होत्या.

"पोरी," मामी म्हणाल्या, "फार छान शांतता पाळलीत गं तुम्ही. उद्याही पाळाल का?"