निरीक्षक बाईंची सही

"आठ माणसं एका तासात बोलती करतो की नाही बघ. आपल्या डाव्या हातचा मळ आहे," भोंग्याने घरात जाहीर केलं.

बायको घड्या घालत होती. "तीस वर्षं स्टँडवर गाड्या पुकारल्यात तुम्ही. कुणी उलट एक शब्द बोललं होतं?"

भोंगा हे नाव त्याला स्टँडवरच चिकटलेलं. निवृत्तीनंतर त्याने गट-समुपदेशनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. आता उरली होती फक्त निरीक्षक बाईंची सही. त्यांच्यासमोर एक गट धड चालवला, की समुपदेशन केंद्रात कामाला जागा पक्की. नाहीतर मेव्हण्याची लाँड्री होतीच. मेव्हण्याने तिथलं स्टूल पुसूनसुद्धा ठेवलं होतं.

बुधवारी चार वाजता झोप न येणाऱ्यांचा गट जमला. आठ माणसं, सोळा लाल डोळे. कुणी पुढे, कुणी मागे नको म्हणून भोंग्याने खुर्च्या गोल मांडल्या. निरीक्षक बाई फॉर्म घेऊन खिडकीशी बसल्या. गप्प माणसाला बोलतं केलं का, बडबड्याला न दुखावता थांबवलं का, असे त्यात रकाने होते. भोंग्याचे सगळे पाठ होते.

"आधी दोन मिनिटं अंग सैल सोडू," तो म्हणाला. "डोळे मिटा. कपाळ सैल सोडा. मान सैल सोडा. खांदे..."

इथेच घात झाला. एकामागून एक अवयव येऊ लागले आणि त्याचा तीस वर्षांचा आवाज आपसूक लागला. ना चढ, ना उतार, नुसता थांब्यामागून थांबा. पोटऱ्या आल्या तेव्हा शिवणकाम करणाऱ्या काकूंनी शेजारच्या पोस्टमनच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं.

"आता सांगा, कसं वाटतंय?"

कुणीतरी घोरलं.

शांतता मोडायची घाई करू नये, असं पुस्तकात होतं. त्याने केली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्याने आशेने खिडकीकडे पाहिलं. बाईंचा गाल जाळीला टेकला होता आणि फॉर्म जमिनीवर पडला होता.

उठवावं, तर पोस्टमनचा तीन महिन्यांत डोळ्याला डोळा लागलेला नाही. न उठवावं, तर रकाने कोरे. तो बसला, उठला, चवड्यांवर गोल फिरून आला, पुन्हा बसला. एकदा खोकण्यासाठी त्याने तोंडही उघडलं, पण पोस्टमनकडे बघून मिटलं.

पाच वाजता दारावर थाप पडली. पुढचा तास रागीट माणसांच्या गटाचा होता. त्यांतले सहाजण जिन्यात उभे. भोंगा बाहेर सटकला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"हॉल आमचा आहे," त्यांच्यातला गवंडी म्हणाला. "मी अजून शांतपणे सांगतोय, दादा."

"दहा मिनिटं द्या हो. आत माणसं झोपलीत."

"आम्ही जिन्यात ताटकळायचं नि आत झोपा काढायच्या?"

गवंड्याच्या मानेची शीर टरारली. भोंग्याला ऐनवेळी एकच सुचलं. "दीर्घ श्वास घ्या. कपाळ सैल सोडा. मान..."

गुडघ्यांपर्यंत येईतो गवंडी कठड्याला टेकून पायरीवर घसरला होता. बाकीचे त्याच्या खालच्या पायऱ्यांवर.

सहाला चौकीदार किल्ल्या खुळखुळवत वर आला. जिन्यातले सहा आणि हॉलमधले नऊ बघून म्हणाला, "काका, काय पाजलंत यांना?"

त्या आवाजाने सगळे जागे झाले. पोस्टमनने भोंग्याचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि तो निघून गेला. बाकीचेही गेले. बोललं कुणीच नाही.

"बाई, मगाशी तुमचा जरा..." भोंग्याने सुरुवात केली.

"मी डोळे मिटूनच निरीक्षण करते," बाई म्हणाल्या. त्यांच्या गालावर जाळीची नक्षी उमटली होती. त्यांनी फॉर्म उचलला आणि लिहिलं, 'पुन्हा निरीक्षण आवश्यक.'

याला आता दोन महिने झाले. बाई दर बुधवारी वेळेवर येतात आणि जाताना तेच वाक्य लिहितात. मागच्या खेपेला तर उशी घेऊन आल्या. भोंग्याने मनाचा हिय्या करून आवाजात मुद्दाम चढउतार आणून पाहिले.

बाईंनी डोळे न उघडताच बजावलं, "नेहमीसारखं म्हणा."