पाटीपुढे उभ्या राहणाऱ्या बाई

चित्रसंग्रहालयात शिरलं की माणसं चित्राकडे तोंड करून उभी राहतात. आमच्या शिरगावकरबाई पाठ करून उभ्या राहायच्या. चित्राखाली नाव, चित्रकार आणि साल लिहिलेली छोटी पाटी असते ना, ती त्यांच्यामागे झाकली जायची. कुणी मान वाकडी करून वाचू पाहिलं, की बाई तिकडे सरकायच्या. अंगाने चांगल्या ऐसपैस होत्या, त्यामुळे काम चोख व्हायचं.

"पाट्याच वाचायच्या तर मांडवीच्या बाजारात जा! तिथे दुकानं कमी आहेत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाई बडोद्याच्या आमच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायच्या. राहायला घडियाळी पोळात, एकट्याच. मी इतिहासाचा मास्तर आणि, कबूल करतो, पाटीवाल्यांच्या पक्षातला. माझ्या वर्गाची सहल म्हणजे रांग, वही आणि "चालो, चालो, आगळ!" अशी पुढे सरकायची घाई. तासाभरात चाळीस चित्रं उरकायची. मुलं पाट्या उतरवून घ्यायची. चित्र माणसाचं होतं की घोड्याचं, असं विचारलं की एकमेकांकडे बघायची.

बाईंचा वर्ग मात्र दोन तास एकाच चित्रासमोर जमिनीवर मांडी घालून. पहारेकरी ओरडायचा, "बेन, छोकरांओने ऊभां करो!" बाई उलट त्यालाच गुजरातीत विचारायच्या, तुम्ही रोज इथे असता, तर सांगा, या चित्रात सकाळ आहे की संध्याकाळ? तो बिचारा चित्राकडे बघत डोकं खाजवायचा.

माझ्यावर तर विशेष राग. एकदा भर संग्रहालयात म्हणाल्या, "सर, तुम्ही चित्रं दाखवता की चित्रांची हजेरी घेता?" मुलं फिदीफिदी हसली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आणि मग ते साहेब आले. शिक्षणखात्याचे. सहलीच्या वह्या तपासायला! दुसरं काही काम नव्हतं म्हणा. माझ्या वर्गाच्या वह्या बघून त्यांनी मान डोलावली. बाईंच्या वर्गाच्या वह्यांत ना नाव, ना साल. एका मुलाने लिहिलं होतं, 'या आजोबांना घरी जायचं मन नाही. म्हणून ते जोडे हळूहळू घालतात.' साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि खो खो हसले. आमचे मुख्याध्यापकही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. सबंध शाळेत त्या वर्षी कुणी लिहिलेलं ते सर्वांत खरं वाक्य होतं.

"बाई, हे चित्र कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

"निदान नाव?"

"तेही नाही."

"किती वर्षं नेताय मुलांना?"

"एकोणीस."

आणि बाईंना खरंच ठाऊक नव्हतं! पाटी मुलांपासून झाकता झाकता त्यांनी स्वतःही कधी वाचली नव्हती. एकाही चित्राची नाही. वर त्याच भडकल्या, "नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो, साहेब. तुम्हाला माझं नाव माहीत आहे ना? मग मी कळले का तुम्हाला?"

झालं. बाईंनी यापुढे मुलांना न्यायचं नाही, सगळे वर्ग मी न्यायचे, असं ठरलं. मी तिथेच उभा होतो. संताप तर असा आला होता की माझ्या त्या चोख वह्या फाडून टाकाव्यात. प्रत्यक्षात "हो सर" म्हणालो. स्वतःवरचा राग माणसाने कुठे काढायचा, सांगा!

महिन्याभराने पुढच्या सहलीची वेळ ठरवायला मी संध्याकाळी संग्रहालयात गेलो, तर बाई बाकावर बसलेल्या. समोर नदीकाठाचं एक चित्र.

"रोज येता?"

"शाळा सुटली की येते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बरं आहे, आता निवांत बघता येत असेल."

बाई उसळल्या, "काय डोंबल बघता येतंय! मुलं सांगायची तेव्हा मला दिसायचं, सर. एक म्हणायचा वारा सुटलाय, दुसरी म्हणायची कुणीतरी यायचं आहे. ते मनात घोळवत मी घरी जायचे, तर जेवताना ताटावरही सोबत असायची. आता एकटी बघते, तर नुसता रंग दिसतो." आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

मी शेजारी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एका चित्राबद्दल बोलू लागलो. म्हटलं, एक माणूस पाण्याकडे बघतोय. बहुतेक भांडून आलाय. त्याची गाय पाणी पितेय, पण तिचं लक्ष त्याच्याकडे आहे.

ती म्हैस होती, हे मला पुष्कळ उशिरा दिसलं. बाईंनी मला टोकलं नाही.

"मग?" त्या म्हणाल्या.