कोंडीराम सरवदे यांना निकाल सांगू नये

“बावीसपैकी एकवीस शर्यती झाल्या! आणि एकीचाही निकाल मला आधी कळलेला नाही!”

कोंडीराम सरवदे हे अशा थाटात सांगायचे, की त्या एकवीस शर्यती जणू त्यांनीच मारल्या! प्रत्यक्षात कोंडीराम भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. राहायला मोशीत. अंगाखाली बारा वर्षांची जुनी मोटारसायकल. पण वेड असं दांडगं, की जगभर फिरणाऱ्या मोटारसायकल शर्यतींच्या हंगामातलं वळण न् वळण पाठ!

घोळ एकच होता. शर्यती होतात रविवारी आणि भोसरीला सुट्टी गुरुवारी! रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ कोंडीराम मशीनवर उभे. मग लेक मिनल शर्यत रेकॉर्ड करून ठेवायची आणि गुरुवारी सकाळी पोह्यांच्या बश्या घेऊन बापलेक ती बघायचे. अगदी आत्ताच सुटल्यासारखी! अट एवढीच, की मधल्या चार दिवसांत कुणी तोंड उघडायचं नाही. सोसायटीच्या फळ्यावर पाणी सुटण्याच्या वेळांखाली मार्चपासून खडूने लिहिलेलं होतं, “कोंडीराम सरवदे यांना निकाल सांगू नये.”

आता आली शेवटची शर्यत. इटलीचा बेर्तोनी आणि स्पेनचा साल्गादो, दोघांचे गुण सारखे! कोंडीराम बेर्तोनीचे. का? तर तो पडला की उठून आधी गाडीला हात लावतो, मग स्वतःच्या गुडघ्याला.

या वेळी कोंडीरामांनी बंदोबस्तच केला. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात. टीव्हीचा रिमोट लोखंडी कपाटात. कपाटाची चावी दोऱ्यात ओवून गळ्यात. आणि कारखान्यात आवाजासाठी मिळतात ती कानातली बुचं रविवारपासून अष्टौप्रहर कानात!

“अहो, मला काही बोलायचं असलं तर?” प्रभावतीबाईंनी हातवारे करून विचारलं.

“गुरुवारी बोल!” कोंडीराम ओरडले. बुचं घातलेला माणूस ओरडतोच!

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी साडेदहाला मिनलच्या फोनवर मेल आला आणि घरात एकच आरडाओरडा झाला. चाकणच्या एका दुचाकी कंपनीत टेस्ट रायडर म्हणून तिची निवड झाली होती! डिप्लोमा करून पोरगी आठ महिने घरी बसली होती. ‘मुलीची जात, गाडी काय चालवणार,’ असं तीन ठिकाणी ऐकून आली होती. आणि आता हे! फक्त मूळ कागदपत्रं आज चारच्या आत आणून दाखवायची. नाही आणली, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

कागदपत्रं कुठे? लोखंडी कपाटात! चावी कुठे? कोंडीरामांच्या गळ्यात!

शेजारचा किसन पाना-पकड घेऊन धावला. “वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे!” दोन मिनिटांत कपाटाची मूठ त्याच्या हातात आली. कपाट जागच्या जागी, बंद! चावीवाला म्हणाला, संध्याकाळी येतो.

मग प्रभावतीबाईंनी बुद्धरत्नला फोन लावला. बुद्धरत्न म्हणजे कोंडीरामांच्या शेजारच्या मशीनवरचा, मोठा जीव लावणारा माणूस. तो हसत हसतच धावला.

“काका! अभिनंदन! मिनलची—”

कोंडीरामांना दिसले फक्त हलणारे ओठ आणि बत्तीस दात. त्यांनी गपकन डोळे मिटले. “एक अक्षर बोलू नकोस, बुद्धा! तुला माझी शपथ!”

बुद्धरत्नने खांदा धरून हलवलं. कोंडीरामांनी एक डोळा उघडला. समोर तो मूठ वळवून चावी फिरवण्याची खूण करत होता. कोंडीरामांना वाटलं, हा ॲक्सिलरेटर पिळून दाखवतोय! म्हणजे कुणीतरी शेवटच्या वळणावर गाडी काढलीच! त्यांनी डोळा पुन्हा मिटला. बुद्धरत्नने खडू घेऊन फरशीवर लिहायला घेतलं, तर कोंडीरामांनी पायाने पुसलं. तेवढ्यात सुपरवायझर आला, पॅकिंगमधल्या दोघी आल्या, चहावालाही आला. सगळे हसतायत, सगळे हात करतायत! आठ महिने जपलेला हंगाम डोळ्यांदेखत नासणार!

“हाफ डे!” कोंडीराम किंचाळले आणि जेवणाचा डबा तिथेच टाकून गाडीवर बसून सुटले.

बुद्धरत्नने घाबऱ्या घाबऱ्या फोन केला. “काकू, काका पळाले! मोशीकडेच येतायत. गेटवरच धरा!”

झालं! अख्खी सोसायटी गेटवर. मधोमध प्रभावतीबाई, आनंदाने की काळजीने कोण जाणे, डोळे पुसत. शेजारी मोशीच्याच जुन्या कौशल्याबाई पदर हलवत, “आरं थांब रं, कोंडीराम! थांब की!” आणि किसन दोन्ही हात पसरून.

कोंडीरामांनी लांबूनच बघितलं आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. बायकोसुद्धा फुटली! त्यांनी गाडी न थांबवता सरळ डुडुळगावच्या रस्त्याला घातली.

“पप्पा!” मिनल ओरडली. पण बुचं! तिने हेल्मेट चढवलं, किसनची गाडी काढली आणि निघाली.

कोंडीराम वाकून बसले होते. पन्नाशी उलटल्यावर पोट टाकीला टेकतं, पण माणूस वाकला होता हे खरं. पुढे उसाची ट्रॉली. त्यांनी जपून मागे टाकली. आरशात बघतात तर कुणीतरी पाठीमागे! खड्डा आला, ते डावीकडे गेले. तेही डावीकडे! मग आलं मोठं वळण. कोंडीराम जरासे बाहेर गेले आणि त्याच क्षणी ती गाडी आतल्या बाजूने अशी अलगद सरकली, गुडघा बाहेर, नजर वळणाच्या पार पुढे, की कोंडीरामांच्या तोंडून आपोआप निघालं, “वा! काय आतून घेतलंय राव!”

गाडी पुढे जाऊन आडवी थांबली. हेल्मेट निघालं. मिनल!

कोंडीरामांनी ब्रेक दाबला आणि डोळे मिटले. “बेटा, तू तरी सांगू नकोस!”

मिनलने पुढे होऊन दोन्ही बुचं उपटून शेतात फेकली. “पप्पा, मला नोकरी लागलीय! टेस्ट रायडर! चारच्या आत कागद न्यायचेत. चावी द्या!”

कोंडीरामांनी डोळे उघडले. घड्याळात दोन वाजले होते. गळ्यातली चावी त्यांनी इतक्या घाईने ओढली, की दोऱ्याला गाठ बसली. शेवटी मिनलने दोरा दाताने तोडला.

पुढचं पोरीने बघितलं. घर, कपाट, फाईल आणि चाकणचा रस्ता! बाप मागे बसला होता, फाईल पोटाशी घट्ट धरून. कंटेनरांच्या रांगांमधून ती गाडी काढत होती आणि कोंडीराम मागून एवढंच म्हणत होते, “सावकाश... पण पळव!” चारला सात मिनिटं असताना कागद टेबलावर पडले. साहेबांनी बघितले, शिक्का मारला आणि म्हणाले, “सोमवारपासून या.”

बाहेर आल्यावर कोंडीराम फूटपाथवरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. “माझ्या वेडापायी तुझं नशीब गळ्यात बांधून पळत होतो गं मी!”

“पप्पा, त्या वेडामुळेच तर मला वळण घेता येतं,” मिनल म्हणाली आणि तीही शेजारी बसली.

संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटताना कोंडीराम फळ्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना हात जोडले. “तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही माझ्या पोरीसाठी धावलात आणि मी तुम्हालाच बघून पळालो. आता मला शिक्षा हवी. सांगा निकाल! कोण जिंकलं?”

किसनने डोकं खाजवलं.

“भाऊ, आम्हाला कुठे माहितीय? चुकून तोंडातून निघायला नको, म्हणून आम्ही एकही शर्यत बघितली नाही. मार्चपासून! पोरांनाही बघू दिली नाही.”

प्रभावतीबाईंच्या फोनवरून बुद्धरत्न ओरडला, “अख्ख्या वर्कशॉपमध्ये कुणी बघत नाही, काका!”

चार दिवस ते ज्यांना चुकवत फिरले, त्यांच्यातल्या एकालाही काही ठाऊक नव्हतं!

तेवढ्यात कौशल्याबाई पुढे आल्या. पेढा हातातच होता. त्या जराशा चाचरल्या.

“येक इचारू का रं, कोंडीराम? आमच्या नातवाचा चित्रकलेच्या परीक्षेचा निकाल लागलाय, सोमवारी. तालुक्यात पयला आलाय. समद्यांना सांगितलं, पर फळ्यावर तुजं नाव व्हतं म्हून तेवढं तुला न्हाई सांगितलं. आता सांगितला तर चालंल का?”