दाजी, मी सुभाष बोलतोय

आमचे दाजी समोरासमोर बसूनही फोनवर असल्यासारखे बोलतात. आधी तुमचं नाव, मग त्यांचं नाव, मग मुद्दा. "सुभाष, मी बोरसे बोलतोय, मीठ दे." ताटाला ताट लागलेलं, मीठ माझ्या हाताशी. दुसरं कोण बोलणार होतं?

आणि मध्ये कोणी तोंड घातलं तर संपलंच. दाजी अर्ध्या शब्दावर थांबतात. रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या गाडीचा नंबर बघतात, शेवटचा आकडा असेल तेवढे सेकंद गप्प राहतात, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. नावासकट. शून्य आलं तर लगेच. पाचोऱ्याच्या एका लग्नात आमच्या म्हाताऱ्या आबांनी त्यांना जेवताना अडवलं, पुन्हा पुन्हा अडवलं. दर वेळी हा माणूस गाडी बघायला मंडपाबाहेर गेला आणि परत येऊन "आबा, मी बोरसे बोलतोय" पासून लागला. मुद्दा एवढाच होता, की आबांच्या धोतराचा सोगा आमटीत बुडतोय. मुद्दा पोचेपर्यंत सोगा पिवळाधमक झाला होता.

"बठ्ठं येडं शे," आई म्हणायची, म्हणजे सगळंच वेडं आहे. जावई म्हणून मोठ्यानं म्हणायची नाही, एवढंच.

दाजी धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. नव्वदनंतर तिथले कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडले गेले आणि दाजींच्या डोक्यात ते नेटवर्क कार्ड शिरलं. हिरवी पट्टी, मधोमध टपालाच्या तिकिटाएवढी काळी चिप. एक बिघडलेलं कार्ड कायम शर्टाच्या खिशात. पाहुणा आला की ते बाहेर निघायचं आणि दाजी भांडण असल्यासारखे समजावायला लागायचे.

"एका वायरीवर सगळे कॉम्प्युटर टांगलेत. ही चिप बोलायच्या आधी ऐकते, वायर मोकळी आहे का. तुमच्या घरात ऐकतं कोणी? तरी दोघं एकदम बोललेच, तर दोघंही गप्प होतात. प्रत्येक जण आपापला वेळ थांबतो, मग पहिल्यापासून. पुन्हा टक्कर झाली तर आणखी जास्त थांबतात. तुम्ही काय करता? आवाज वाढवता!"

हे ते आवाज वाढवूनच सांगायचे.

"प्रत्येक चिपला कारखान्यातच जगावेगळा नंबर ठोकलेला. वायरीवरून बठ्ठ्यांचं बठ्ठं जातं, पण ही आपल्या नावाचं आणि सगळ्यांसाठी असेल तेवढंच आत घेते. शेजाऱ्याच्या भानगडीत कान घालत नाही. आणि निरोप आला की शेवटी ताळा करून बघते. एक टिंब बिघडलेलं असेल तर अख्खा निरोप फेकून देते. फेकला हे सांगतही नाही!"

या शेवटच्या कलमानं माझं डोकं फिरलं. माझ्या मुलाचं जावळ होतं. केस पदरात झेलायला आत्या लागते, आणि आत्या म्हणजे माझी एकुलती बहीण, दाजींची बायको, अक्का. मी अमळनेरहून फोन केला. "दाजी, मी सुभाष बोलतोय, बुधवारी, अकरा तारखेला जावळ आहे." अकराला मंगळवार होता. दाजींनी काही न बोलता फोन ठेवला. मला वाटलं, पोचलं. अक्काला त्यांनी अक्षरही सांगितलं नाही. शेवटी शेजारच्या बाईंच्या पदरात पोराचे केस पडले. मी वर्षभर त्यांची पायरी चढलो नाही.

मग अक्काला लकवा मारला. उजवा हात गेला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द विहिरीतून पोहऱ्यानं शेंदावा तसं. मी रिकामी बॅग घेतली आणि धुळ्याची एसटी पकडली. तिला घरी आणायचं ठरवून गेलो. सगळ्यांना सांगितलं, बहिणीच्या काळजीपोटी जातोय. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं, मला त्या माणसाला हरवायचं होतं. इतकी वर्षं हे कोणाजवळ बोललो नाही.

अक्का खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"अक्का, माझ्याबरोबर येतेस ना? इथं हाल होताहेत तुझे. येतेस ना?"

"म… मी…"

"येतेस. ठाऊक होतं मला. साड्या कुठं आहेत?"

पिठाच्या हातांनी दाजी स्वयंपाकघरातून आले. "सुभाष, मी बोरसे बोलतोय, तू…"

"तुम्ही बोलूच नका!"

ते थांबले. खिडकीतून वाकून गाडी शोधायला लागले.

"बायको अशी बसलीय आणि तुम्ही गाड्यांचे नंबर बघताय? लाज नाही वाटत?"

"सुभाष, मी बोरसे…"

"खड्ड्यात गेली तुमची चिप!"

दाजी पुन्हा खिडकीकडे वळले. रस्ता रिकामा होता. तेव्हा त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. नाव नाही, गाव नाही, सरळ ओरडले.

"गाढवा, ती आता दहाची आहे! तू शंभरनं फेकतोयस!"

मला काही कळेना. दाजींना धाप लागली होती. "नवी कार्डं दोन वेगांची असतात. दहा आणि शंभर. जोडली की आधी एकमेकांना विचारतात, तुला किती झेपतं? समोरचा दहाचा निघाला तर शंभरचा खाली येतो. त्याला कमीपणा नाही वाटत. तू विचारलंस तिला? विचारलंस आणि उत्तरही तूच दिलंस!"

ते स्टूल ओढून अक्कासमोर बसले. आवाज असा उतरला, की हाच माणूस का, असं वाटलं.

"विमल… सुभाष… न्यायला… आलाय. तुझ्या… मनात… काय?"

आणि गप्प बसले. अक्काचे ओठ हलले. शब्द आला, हातचा सुटला, पुन्हा आला. मी तोंड उघडणार तोच दाजींनी माझ्याकडे न बघता पिठाचा हात माझ्या गुडघ्यावर दाबला. आत तव्यावर भाकरी जळायला लागली. वास घरभर झाला. अर्धं मिनिट उशीर केला म्हणून कंडक्टरशी भांडणारा हा माणूस स्टुलावरून हलला नाही. एकही शब्द त्यानं तिला पुरवला नाही.

अक्कानं माझ्याकडे बघितलं.

"सुभाष… जेवीसन… जाय."

म्हणजे जेवून जा. एकटा.

मला गहिवरून वगैरे आलं नाही. हरल्याचा संतापच आला. संतापातच हात धुतले, संतापातच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या. जळलेली दाजींनी आधीच स्वतःच्या ताटात ओढली होती. चौथी अक्का डाव्या हातानं मला वाढायला लागली. ती माझ्या ताटापर्यंत यायला फार वेळ लागला. तोवर दाजी आणि मी, दोघंही गप्प होतो.