क्रॉकर सौदागराने सामुद्रधुनी सर केली तिची हकिकत

विक्टोरिया राणीच्या अमदानीत न्यू फाउंडलंड बेटावरील खारवल्या माशांचे मातबर सौदागर जेडेडाया क्रॉकर यांनी समुद्राच्या तळातून तार नेऊन पलीकडील केप ब्रेटनचा मुलूख बेटास जोडिला, ते वर्तमान पुढील पिढ्यांस विदित व्हावे, सबब आम्ही किनाऱ्यावर जे पाहिले आणि जे कानी आले ते, पदरचे फार न घालिता, लिहितो.

युरोपची जहाजे प्रथम बेटास लागत, परंतु त्यांची खबर पलीकडे जाण्यास वाऱ्याची मर्जी लागे. हे सौदागरांस साहवेना. मग त्यांनी विलायतेहून तांब्याची तार, तिजवर झाडाच्या चिकाचे कवच आणि त्यावर लोखंडी चिलखत, ऐसी मागविली, आणि ती शिडाच्या गलबतावर चढविली, आणि गलबत ओढण्यास आगबोट लाविली, आणि मोहिमेची शोभा पाहण्यास आगबोटीवर पाद्री, वकील, त्यांच्या बायका व बेंडबाजा ऐसी फौज घेतली. सौदागरांच्या पत्नी थर्झाबाई यांनी एवढेच विचारिले, "अहो, तार टाकायला निघालात की वरातीला?" खाविंद तडक गलबतावर स्वार जाहले.

निम्मी सामुद्रधुनी हाती आली, तो वादळ उठले. गलबत कलले, तारेचा भार त्यास पाण्यात ओढू लागला, आणि आगबोटीवर बेंडवाले वाद्यांसुद्धा आडवे जाहले. मग गलबताचे कप्तान ल्यूक टोबिन यांनी कुऱ्हाड आणविली.

"साहेब, तोडतो."

"थोडं थांब, ल्यूक. वारा पडेल."

"पडेल तेव्हा पडेल. खाली माझी माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. तुम्हीच सांगा, तार की माणसं?"

सौदागरांनी कुऱ्हाड आपल्या हाती घेतली आणि स्वहस्ते तार तोडिली. टोक पाण्यात गेले तेसमयी त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते, ऐसे टोबिन पुढे सांगत.

पराजयाची खबर मात्र तारेवाचूनच बेटभर जाहली. कोळी सौदागरांस पाहोन पाण्यात दोरी सोडीत आणि दुसरे टोक कानास लावोन, "काय रे, येतंय का काही ऐकू?" ऐसे एकमेकांस पुसत. तेणेकरोन ते हिवाळाभर उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. अखेर थर्झाबाईंनी त्यांच्यापुढे बूट आणोन ठेविले. "माणसं सगळी घरी आली ना? मग तोंड कशाला लपवताय? जा परत."

मग उन्हाळ्यात नवी तार आली, ती आगबोटीवरच चढविली, पाहुण्यांस मनाई जाहली आणि टोबिन यांस सरदारी देवोन सौदागर पुन्हा निघाले. बेटावर तारेच्या खोपटात बिशपसाहेब पहिला संदेश म्हणोन लांबलचक आशीर्वाद लिहोन बसले, आणि आम्ही व थर्झाबाई दाराशी उभे राहिलो.

परंतु यंत्र पलीकडूनच आधी बोलिले. तारबाबूने वाचोन दाखविले, "पोहोचलो. इकडे फार धुकं आहे. तिकडे कसं?" हे खुद्द सौदागरांचे शब्द.

थर्झाबाईंनी खिडकीबाहेर पाहिले, तेथे काहीच दिसत नव्हते. डोळे पुशीत त्यांनी हुकूम केला, "लिहा, इकडेही धुकंच."

बिशपसाहेबांनी कागदाची घडी केली.

येणेप्रमाणे सामुद्रधुनी फत्ते जाहली. दोन्ही तीरांस धुके होते, आणि ते दोन्ही तीरांस एकाच वेळी कळले. ऐसे पूर्वी कधी घडले नव्हते, म्हणोन नमूद केले असे.