दुसरा हात

माझ्या हातून बिघडलेली वस्तू अजून जन्माला यायची आहे! शाळा मी चौथीत सोडली, पण घरात काही फाटलं, तुटलं, निखळलं की सगळे माझ्याकडेच धावतात. म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, बाबांची गाडी रविवारी भंगारवाल्याला देतोय," तेव्हा मी पदर खोचला.

"का? चालते की!"

"चालते गं, पण आत बसवत नाही. डॅशबोर्डचं रेक्झिन बघ, तडकून मगरीची पाठ झालीय. दरवाजांचा रंग तर बसणाऱ्याच्या बाहीला लागतो."

"आणि मी ते नवं करून दाखवलं तर?"

"तर ठेवू," तो हसून म्हणाला. ते हसणं मला झोंबलं. शेजारी ह्यांनी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली होती. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, आधी साबणानं धुवा, मग स्पिरिटनं पुसा. भेगांत ही लुगदी भरा. ती दगडासारखी घट्ट झाली, की मगच रंगाचे पातळ हात द्या. घाई नको."

"तू रांगत होतास तेव्हापासून मी घरं रंगवतेय!" मी म्हटलं.

शनिवारी धुतलं, पुसलं. भेगा इतक्या, की लुगदी शेवटी डॅशबोर्डपासून दरवाजांपर्यंत सगळीकडे थापावी लागली. ती अजून मऊच होती, पण दुकानदाराचं ऐकायला तो काय माझा सासरा आहे? स्पंजनं तपकिरी रंगाचा पहिला हात देऊन टाकला. गाडी आतून अशी झळकली म्हणून सांगू, जणू आत्ताच कारखान्यातून उतरली!

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिचा फोन म्हणजे अर्धा दिवस गेला. मी खिडकीतून ओरडले, "अहो, दुसरा हात तुम्ही द्या! सगळीकडे सारखा! नीट दाबून!"

"दुसरा?"

"हो, पहिला झालाय!"

बाहेर आले तर हे गाडीशेजारी उभे. डावा पंजा मनगटापर्यंत तपकिरी, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. मी आत डोकावले. डॅशबोर्डवर एका ओळीत पाच पंजे! प्रत्येक दरवाजावर दोन-दोन! सगळे सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. आयुष्यभर कचेरीत शिक्के मारलेला माणूस तो!

"अहो, हे काय केलंत?"

"दुसरा हात दिला. उजवा पहिला, म्हणून डावा." मग चाचरत म्हणाले, "तुझा पहिला कुठे दिसला नाही. म्हटलं, वाळून गेला असेल."

"हात म्हणजे रंगाचा थर हो!"

"मग थर म्हणायचं."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा उलट उत्तर मिळालं, आणि तेही बरोबर!

मी वरून रंगावर रंग चढवला. पण मऊ लुगदीत रुतलेले पंजे ते, बुजायचं सोडून जास्तच चमकायला लागले.

रविवारी मुलगा भंगारवाल्याला घेऊन आला आणि दार उघडून थिजलाच.

"आई, हे नवं केलंस?"

तेव्हा हेच पुढे झाले. "मी केलंय. हिनं सांगितलं तसंच," असं म्हणून त्यांनी मूठ उघडली आणि किल्ली मुलापुढे धरली. पंजा अजून तपकिरीच होता.

मुलानं किल्लीकडे पाहिलं, पंजाकडे पाहिलं आणि तो असा हसत सुटला, की गाडीतच बसावं लागलं त्याला! मग डोळे पुसत भंगारवाल्याला म्हणाला, "राहू दे मामा. हिच्यावर सगळीकडे बाबांचा हात आहे."

भंगारवाला आत डोकावून म्हणाला, "मलाही नकोच बुवा. आत कुणीतरी कोंडल्यासारखं वाटतंय!"

आता मी रोज पुढे ऐटीत बसते. ह्यांनी ब्रेक दाबला, की माझा हात आपोआप समोरच्या पंजावर टेकतो. मागे बसलेला मुलगा मुद्दाम खाकरतो. खाकरू दे! मी नुसता तोल सावरते. शिवाय तो पंजा मला लहान पडतो.

एवढं मात्र ह्यांना सांगू नका.